मोजणीच्या वाटेवर बोलायचं नसतं

मोजणीच्या वाटेवर बोलायचं नाही, हा बाईंच्या घरातला सगळ्यात जुना नियम. लेकीपेक्षाही जुना. बोट दाखवायचं नाही, हात धरून ओढायचं नाही, "अगंबाई" करायचं नाही. शिंक आली तर नाक दाबून धरायचं. लेक पहिलीत असताना एकदा तिनं त्या वाटेवर "आई, ते बघ केवढं!" म्हणून टाळी वाजवली होती. बाईंनी त्या दिवसाची फुलपाखरांची मोजणी फाडून टाकली आणि दिवस मावळेपर्यंत लेकीशी एक अक्षर बोलल्या नाहीत. राग नव्हता त्यांच्या मनात. पोरीला कारण समजलं की झालं, असं त्यांना खरंच वाटत होतं. म्हणून रात्री जेवताना त्यांनी ते समजावून सांगितलं: मोजणी म्हणजे एका माणसाच्या दोन डोळ्यांना दिसलेलं. दुसऱ्यानं दाखवून दिलं की ते चार डोळ्यांचं होतं, मग मागच्या वर्षीच्या दोन डोळ्यांशी त्याची तुलना कशी करायची? पोरगी घास चघळत मान हलवत राहिली. कारण तिच्या डोक्यात शिरलं नाही. नियम तेवढा शिरला, तो कायमचा.

बाईंचा सगळा जन्म त्या टेकडीवर गेला. ना धड उंच, ना देखणी. बोडकी चुनखडीची टेकडी. गोगलगायींना शंख बांधायला चुना लागतो, म्हणून त्या तिथे. चुनखडीतच रुजणारी एक बुटकी, मळकट पानांची वनस्पती होती, तिच्यावर एका निळ्या फुलपाखराच्या अळ्या वाढायच्या, म्हणून ते तिथे. आणि या दोघांसाठी बाई तिथे. त्यांच्या संशोधन संस्थेत पाठीमागे त्यांना सगळे 'गोगलबाई' म्हणत, हे त्यांना ठाऊक होतं; त्यांना त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नव्हतं. नवरा होता तेव्हा तो म्हणायचा, "मला एकदा त्या टेकडीवर नेऊन ठेव, म्हणजे आठवड्यातून एकदा तरी मोजशील." बाई हसायच्या आणि दुसऱ्या दिवशी पहाटे टेकडीवर जायच्या.

अलीकडे चुना आणखी कुणाला हवा होता. सिमेंटवाल्यांना.

त्यांना टेकडीला हात लावता येत नव्हता तो निळीमुळे. अंगठ्याच्या नखाएवढं ते फुलपाखरू, पण त्याच्या नावानं टेकडीवर खोदायला बंदी होती. बंदीच्या आदेशातच पुढे म्हटलं होतं की लागोपाठ तीन वर्षं निळी दिसली नाही, तर बंदी उठेल. आणि दिसली की नाही हे ठरायचं बाईंच्या मोजणीवरून. दुसरं कुणी तिथे मोजतच नव्हतं. गेली दोन वर्षं बाई निळीच्या रकान्यात शून्य लिहीत होत्या. लिहिताना हात जड व्हायचा. तरी लिहायच्या त्या शून्यच. हे तिसरं वर्ष होतं, आणि निळीचे उडण्याचे दिवस संपत आले होते.

त्या सकाळी लेक बरोबर होती, ती नाइलाजानं. बाईंनी महिन्याभरात दोनदा गाडी फाटकाच्या खांबाला घासली होती. "खांब सरकलाय," असं त्या म्हणाल्या, पण लेकीनं किल्ली काढून घेतली. लेकीचा नवरा कामासाठी दूरगावी. दीड वर्षाच्या गुंडीला घेऊन ती आईकडे राहायला आली होती. गुंडीला घरी कुणाकडे ठेवणार? म्हणून ती झोळीत, लेकीच्या पाठीवर. मोजणीच्या वाटेवर तीन पिढ्या एका मागोमाग चालल्या, आणि कुणी बोललं नाही. गुंडीसुद्धा आईच्या वेणीचं टोक तोंडात धरून गप्प होती.

गाडीपाशी आल्यावर बाईंनी पाटीवर कागद धरला. "पांढरी दोन, पिवळी एक, ती तपकिरी एक. निळी शून्य."

लेक झोळीची गाठ सोडत होती. "शून्य कसं? एक होती की."

"कुठे?"

"दुसऱ्या वळणावर. तुझ्या बुटाच्या पुढ्यात. मला तर वाटलं, आता पाय ठेवतेस तिच्यावर."

"मग बोलली का नाहीस?"

लेकीनं आईकडे बघितलं. "बोलायचं नसतं ना," ती म्हणाली.

बाईंनी पेनचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. "साध्या करड्या असतात तिथे. उन्हात निळ्या वाटतात."

"आई, मी या घरात वाढलेय. तिनं पंख मिटले तेव्हा खालच्या कडेला नारिंगी ठिपक्यांची रांग होती. झोपेत विचारलंस तरी सांगेन मी."

बाईंनी पाटी गाडीत टाकली आणि वळल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या मोजणीच्या वाटेवर उलट दिशेनं चालत गेल्या.

दुसऱ्या वळणावर लेक थांबली. हळूच म्हणाली, "ती बघ."

"कुठे?"

"अगं, ती काय! त्या पानावर."

बाईंना पान दिसलं. पानाशेजारचा दगड दिसला. गवत दिसलं, त्याची एकेक काडी. कुठे भोक नाही, अंधारी नाही, काही पुसल्यासारखं नाही. सगळं जागच्या जागी होतं, फक्त त्यात निळी नव्हती. तेवढ्यात गुंडी मागून फुलपाखराकडे हात करून "पापू! पापू!" ओरडली, म्हणून बाईंनी मान वळवली, आणि मान वळता वळता डोळ्याच्या कोपऱ्यात एक निळा ठिपका उघडला, मिटला. त्यांनी झटकन परत तिकडे पाहिलं. गवत. मान वळवली. निळं. सरळ बघितलं. गवत.

असं किती वेळा केलं कुणास ठाऊक. शेवटी लेकीनं त्यांचा दंड धरला. "आई, चल. बस झालं."

डोळ्यांची डॉक्टर लेकीपेक्षाही लहान होती. "आजी, इथे हनुवटी टेका."

"मी तुमची आजी नाही," बाई म्हणाल्या आणि हनुवटी टेकली.

मग डॉक्टरनं एक चौकटीचौकटींचा कागद समोर धरला. "एक डोळा झाका. आता मधल्या ठिपक्याकडे बघा."

"कुठल्या ठिपक्याकडे?"

डॉक्टरचं पेन थांबलं. त्यानंतर तिनं 'आजी' म्हटलं नाही. सावकाश, मऊ आवाजात समजावत राहिली. मधली नजर जाते आहे, कडेची शाबूत आहे. मोठं, उडणारं, बाजूनं येणारं दिसत राहील. समोरचं, बारकं, स्थिर बसलेलं दिसणार नाही. आणि कळतही नाही बऱ्याचदा, कारण नजर जाते तिथे काळं दिसत नाही. "मेंदू रिकामी जागा ठेवत नाही हो. आजूबाजूला जे असेल तेच तिथे पसरून देतो. भिंत असली तर भिंत."

"गवत असलं तर गवत," बाई म्हणाल्या.

"हो."

"कधीपासून?"

"ते तुम्हीच सांगू शकाल. चष्म्याचा नंबर वाढला वाढला म्हणत माणसं वर्षानुवर्षं काढतात. दोन वर्षं असतील, दहाही असतील. मागे जाऊन बघायची सोय नाही."

बाईंनी तो चौकटींचा कागद घडी करून मागितला. डॉक्टरला वाटलं, घरी तपासायला हवा असेल. बाईंनी तो बाहेर पडताच कचऱ्याच्या डब्यात टाकला.

घरी आल्यावर लेकीनं आधी गुंडीला भरवलं. रडणं पुढे ढकलायचं असलं की ती हातात काम घेते. चमचा गुंडीच्या तोंडाशी नेत ती म्हणाली, "एक लिही."

"काय?"

"निळीच्या रकान्यात. एक. मी पाहिलीय ना? तू काही पदरचं लिहीत नाहीयेस."

"मी पाहिली नाही."

"पण होती!"

"होती. मी पाहिली नाही." बाई ओट्याला टेकून उभ्या होत्या. "तू दाखवलेलं मी माझ्या नावावर लिहिलं, तर मग आजवर लिहिलेल्यातलं कुठलं माझं?"

"टेकडी जाईल आई."

"जाणार नाही. मी खरं सांगेन. मला दिसत नव्हतं म्हणून शून्य आलं, म्हणजे शून्यं रद्द. शून्यं रद्द म्हणजे बंदी कायम. साधा हिशोब आहे."

हे बोलताना त्यांचा चेहरा जवळजवळ उजळला होता. डोळे गेल्याचं दुःख त्यांनी बाजूला सारलं होतं, कारण त्यांना त्याचा उपयोग सापडला होता. लेकीनं मात्र चमचा वाटीत ठेवला. आपल्या आईला माणसं कळत नाहीत, हे तिला गुंडीच्या वयापासून माहीत होतं.

तरी लेकीनं आपल्या परीनं हातपाय मारले. गुंडीला बाईंकडे ठेवून ती फोन घेऊन तीन वेळा टेकडीवर गेली. दोन दिवस वारा होता. वाऱ्यात निळी उठत नाही. तिसऱ्या दिवशी एक दिसली, पंख उघडून बसलेली. फोटो आला, पण नारिंगी रांग खालच्या बाजूला, आणि पंख मिटेपर्यंत ती थांबली नाही. वरून बघितलं तर तशी निळी फुलपाखरं तीन जातींची असतात. संस्थेनंही एक कंत्राटी मोजणीदार पाठवला. तो आला तेव्हा आभाळ भरून आलेलं. गाडीतून उतरला, टेकडी चढला, उतरला. "नाही," म्हणून लिहून गेला. मग पाऊस सुरू झाला आणि निळीचा हंगाम संपला.

राहिली ती बंदीचा फैसला करणाऱ्या समितीची बैठक.

संस्थेचे संचालक बाईंचे विद्यार्थी. पहिल्यांदा जाळी धरली तेव्हा त्यांनी फुलपाखराऐवजी बाईंचा चष्मा पकडला होता. ती गोष्ट ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे. त्या दिवशी त्यांनी बाईंना दाराबाहेर, पाण्याच्या पिंपापाशी गाठलं. लेक बाईंचा हात धरून होती. गुंडी तिच्या कडेवर झोपलेली.

"बाई, आत एकच प्रश्न येणार आहे. कधीपासून दिसत नव्हतं?"

"डॉक्टरांनी दिलंय ना लिहून."

"त्यांनी लिहिलंय, सांगता येत नाही. तुम्ही सांगा. दोन वर्षं म्हणा." ते आणखी जवळ आले. "दोन वर्षं म्हटलं की ती दोन शून्यं जातील, त्याच्या आधीचं सगळं राहील. निळी इथे होती, एवढ्या संख्येनं होती, हे सगळं तुमच्याच मोजणीवर उभं आहे. दुसरा पुरावा नाही. तुम्ही एकही फुलपाखरू मारून पेटीत टोचलं नाहीत."

"नाही टोचलं," बाई म्हणाल्या.

"म्हणून सांगतोय. फक्त दोन वर्षं. तुम्हाला तरी कुठे माहीत आहे की ते खोटं आहे?"

"अरे, पण ते खरं आहे हे तरी कुठे माहीत आहे?"

"बाई, मी पाया पडतो तुमच्या."

"उठ. माणसं बघतायत," बाई म्हणाल्या, जरी ते वाकलेही नव्हते.

आत लांबट टेबल होतं. सिमेंट कंपनीचा तज्ज्ञ सभ्य माणूस होता. बाईंसाठी खुर्ची त्यानंच ओढली. त्यानं बाईंच्या आलेखाची मोठी प्रत टेबलावर पसरली. हाच आलेख बाईंना नाव देऊन गेला होता. निळी वर्षानुवर्षं कशी कमी कमी होत गेली, ते दाखवणारी उतरती रेघ. तिच्यावरून माणसांनी उष्णतेबद्दल लिहिलं, फवारणीबद्दल लिहिलं. परगावची मुलं ती रेघ परीक्षेत काढत.

"या रेघेत," तो म्हणाला, "फुलपाखरं कमी झाली किती आणि आपली नजर कमी झाली किती, हे सांगता येईल का मॅडम? कुठल्या वर्षापर्यंत आपल्याला नीट दिसत होतं?"

बाईंनी तोंड उघडलं. शब्द तयार होते, फक्त दोन, आणि ते बोलणं काहीच अवघड नव्हतं. संचालक त्यांच्याकडे बघत होते. बाईंना ते नीट दिसत नव्हते, पण बघत होते हे कळत होतं. त्या आलेखाकडे वाकल्या, मान तिरकी केली, आणि कडेच्या नजरेनं त्या रेघेवरून खाली खाली उतरत गेल्या. तज्ज्ञानं डाव म्हणून विचारलं होतं, पण प्रश्न खरा होता. इतक्या वर्षांत कुणी त्यांना इतका खरा प्रश्न विचारला नव्हता, आणि त्यांना स्वतःलाच त्याचं उत्तर हवं होतं. कुठल्या वर्षी? जिथे रेघ जरा झुकते तिथे? की त्याच्याही आधी, लेकीचं लग्न झालं त्या सुमारास, जेव्हा वाचताना अक्षरं गळायला लागली होती आणि त्यांनी छापखान्याला दोष दिला होता?

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या.

मग जे झालं ते सगळं रीतसर झालं. नजर कधीपासून गेली हे ठरवता येत नाही, सबब कुठल्याच वर्षाची मोजणी ग्राह्य नाही. मोजणी ग्राह्य नाही, सबब निळी या टेकडीवर कधी होती याला पुरावा नाही. जी कधी नव्हतीच, तिच्यासाठी बंदी कशाची? बाई एकदा मध्येच म्हणाल्या, "गोगलगायी मी बोटांनी मोजते. दगड उचलून, चाचपून. त्याला डोळे लागत नाहीत." कुणीतरी समजुतीनं मान डोलावली. गोगलगायींसाठी बंदी नव्हतीच.

गाडीत लेक बराच वेळ किल्ली फिरवेना.

"दोन शब्द," ती म्हणाली. "आई, दोन शब्द नाही बोलता आले तुला?"

"खरे नव्हते."

"खोटे होते हेही तुला माहीत नव्हतं!"

"तेच म्हणाले मी त्यांना."

"तू ना..." लेकीचा आवाज फुटला. "बाबा गेले तेव्हा मी विचारलं होतं, ते घाबरले होते का शेवटी. आठवतं? म्हणालीस, हो, फार. मी काय लग्नाला उभी होते का गं तेव्हा? शाळेत होते मी! नाही म्हणाली असतीस तर कोणाचं काय गेलं असतं?"

बाईंना आठवत होतं. तेव्हाही त्यांनी खरं तेच सांगितलं होतं. लेकीच्या चेहऱ्याकडे त्यांनी सरळ बघितलं, आणि तिथे खिडकी दिसली, खिडकीबाहेरची भिंत दिसली. मागच्या सीटवर गुंडी जागी झाली आणि दोघींसाठी मोठ्यानं रडायला लागली.

टेकडीभोवती खांब ठोकायचं काम सुरू झाल्यावर लेक एका सकाळी बादल्या घेऊन उभी राहिली. दोन निळ्या, एक गुंडीच्या अंघोळीची. "चल."

"कुठे?"

"फुलपाखरं नाही नेता येत. गोगलगायी तरी नेता येतील ना? धरणाच्या पलीकडे तसलीच जमीन आहे. दगडही आहेत."

बाईंनी शाल घेतली आणि गाडीत बसल्या.

टेकडीच्या पायथ्याशी एक पिवळं यंत्र उभं होतं, आणि त्याच्या सावलीत दोन कामगार चहा पीत होते. त्यांनी अडवलं नाही. रात्रभर पाऊस पडून गेलेला. दगड ओले होते. बाई गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांचे हात कामाला लागले. दगड कुठे हे त्यांना विचारावं लागत नव्हतं. बोटं त्याच्या कडेखाली जायची, दगड अलगद उलटायचा, आणि खाली गार, चिकट, गोल गोल शंख. त्या एकेक सोडवून लेकीच्या हातात देत होत्या आणि दगड होता तसाच परत ठेवत होत्या.

"आता कशाला ठेवतेस परत?" लेकीनं विचारलं.

"सवय."

गुंडी चिखलात बसून बादलीत वाकून बघत होती. एक गोगलगाय तिच्या मनगटावर चढली तेव्हा ती श्वास रोखून बसली, रडली नाही.

त्याच दगडांच्या आसपास मातीत, मुंग्यांच्या बिळांच्या तोंडाशी, निळीचे कोष असणार होते. गव्हाच्या दाण्याएवढे, मातीच्याच रंगाचे. ते कुणालाच दिसले नसते, चांगल्या डोळ्यांनासुद्धा. बाईंनी एकदा हात मातीवर सपाट ठेवला आणि उचलला. मुंग्यांवाचून ते कोष जगत नाहीत, आणि मुंग्या बादलीतून नेता येत नाहीत.

गोगलगायींचंही त्यांना ठाऊक होतं. त्यांनीच तरुणपणी पाहिलं होतं ते. ऐन उमेदीची वर्षं घालवली होती त्यात. उचलून दुसरीकडे नेलेली गोगलगाय तिथे राहत नाही. आपल्या दगडाच्या दिशेनं निघते. कितीही लांब असला तरी निघते, आणि वाटेत कुठेतरी उन्हात सुकून जाते. बादल्या भरत आल्या होत्या. लेकीचे केस कपाळाला चिकटलेले, नखांत माती. मोजणी नव्हती, म्हणून ती बोलत होती, सकाळपासून अखंड बोलत होती: ही बघ केवढी, ही अगदी छोटी, या दोघी चिकटून आहेत गं, वेगळ्या नको करूस. इतकी ती लहानपणी या टेकडीवर कधीच बोलली नव्हती.

खाली यंत्र सुरू झालं. जमीन हलकेच थरथरली आणि बादलीतल्या सगळ्यांनी अंग शंखात ओढून घेतलं.

लेकीनं बादलीवर ओलं फडकं अंथरलं. "आई, तिकडे जगतील ना गं या?"

बाईंनी मान थोडी वळवली, म्हणजे लेकीचा चेहरा कडेला आला आणि दिसला.

"जगतील," त्या म्हणाल्या. आणि पुढचा दगड चाचपू लागल्या.